पोझिशन्स शिकवून झाल्या, नजर शिकवायची राहिली

वाचकाचं पत्र: मी एका पुनर्वसन केंद्रात वरिष्ठ फिजिओथेरपिस्ट आहे. डीएनएस, म्हणजे डायनॅमिक न्यूरोमस्क्युलर स्टॅबिलायझेशन या बाळाच्या वाढीतल्या हालचालींवर आधारलेल्या उपचारपद्धतीचे पहिले दोन कोर्स केले आणि अक्षरशः भारावून गेले. परत आल्यावर आमच्या सात ज्युनिअर सहकाऱ्यांसाठी दोन दिवसांची कार्यशाळा घेतली. बाळाच्या वाढीतल्या सगळ्या पोझिशन्स दाखवल्या, एकमेकांवर करून घेतल्या, छापील नोट्सही दिल्या. आता महिन्याभराने चित्र असं आहे की कंबरदुखी असो की खांद्याचं दुखणं, प्रत्येक पेशंटला तीन महिन्यांच्या बाळाच्या पोझिशनमध्ये झोपवतात आणि 'पोट घट्ट करा, पोटात श्वास घ्या' म्हणत राहतात. एका पेशंटची कंबर आणखी दुखायला लागली आणि त्यांनी यायचंच बंद केलं. आमचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात, हे सगळं फॅड आहे, साधा व्यायाम द्या. मी आणखी एक कार्यशाळा घेऊ का? की सगळ्यांना अधिकृत कोर्सला पाठवायचा आग्रह धरू? की हा नादच सोडू? — एक फिजिओ

नमस्कार मॅडम,

तुमच्या प्रश्नांकडे नंतर येते, आधी त्या पेशंटचं बघू. आज-उद्यात त्यांना फोन करा. ज्युनिअरला सांगू नका, स्वतः करा. दुखणं नेमकं कुठे वाढलं, पायात उतरतंय का, पायातली ताकद कमी वाटते का, बसताना टेकतो त्या भागात बधिरपणा आहे का, लघवी-संडासवरचा ताबा बदललाय का, ताप येतोय का, वजन विनाकारण घटतंय का, हे सगळं विचारा. बधिरपणा असेल किंवा ताबा सुटला असेल, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायला सांगा. बाकीच्यांपैकी काही असेल तरी व्यायाम बाजूला ठेवून आधी डॉक्टरांची तपासणी.

यातलं काहीच नसेल, तर काय झालं असावं याचा अंदाज तुमच्या पत्रातूनच येतो. 'पोट घट्ट करा' म्हटलं की बहुतेक माणसं नाभी आत ओढतात, श्वास रोखतात आणि बरगड्या वर धरून ठेवतात. पोटाचा वरचा भाग आत जातो, खालचा सैलच राहतो, आणि हवेत धरलेल्या पायांचं वजन पेलायचं काम कण्यालगतच्या लांब स्नायूंवर आणि जांघेतल्या स्नायूंवर येऊन पडतं. ज्याची कंबर आधीच दुखते आहे त्याला हे बराच वेळ धरून ठेवायला लावलं, तर दुखणं वाढलं यात नवल नाही. त्यांना बोलावून पुन्हा तपासा आणि सरळ सांगा की दिलेला व्यायाम तुमच्या आत्ताच्या अवस्थेसाठी जास्त होता, आपण तो बदलू. 'तुमचा कोअर (धडाचे आधार देणारे स्नायू) कमजोर आहे' किंवा 'तुमचा डायफ्राम (छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदा) नीट चालत नाही' असलं काही मात्र सांगू नका. अशी वाक्यं माणूस घरी घेऊन जातो आणि मग वर्षानुवर्षं खाली वाकायला घाबरतो.

आता शिकवण्याबद्दल. तुमची कार्यशाळा प्रामाणिक होती आणि तुमचे ज्युनिअर आळशी नाहीत. दोन दिवसांत जे शिकवता येतं ते तुम्ही शिकवलंत: पोझिशन्स. पण या पद्धतीचा जीव पोझिशनमध्ये नाही. समोरच्या शरीराचं स्थैर्य कोणत्या क्षणी आणि कुठे सुटतं, ते दिसणं हा तिचा जीव आहे. ते दिसत नसेल तर तीन महिन्यांची पोझिशन म्हणजे उताणं झोपून पाय वर धरणं, बस.

ही पद्धत कुठून आली ते ज्युनिअर्सना सांगितलंत का? जरूर सांगा, कारण त्या इतिहासात व्यायामांपेक्षा निरीक्षण जास्त आहे. वाक्लाव व्होयटा हे चेक न्यूरोलॉजिस्ट. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांना विशिष्ट स्थितीत धरून ठराविक जागी दाब दिला, की धड आणि हातपाय ठराविक क्रमाने प्रतिसाद देतात, हे त्यांनी टिपलं आणि त्यातून रिफ्लेक्स लोकोमोशनची मांडणी केली. 1968 मध्ये ते देश सोडून जर्मनीत गेले आणि काम तिथे पुढे नेलं. प्रागमध्ये व्लादिमीर यांडा स्नायूंच्या असमतोलाचे नमुने शोधत होते. मान-खांद्यांजवळच्या असमतोलाला अप्पर क्रॉस्ड आणि कंबर-खुब्यांजवळच्या असमतोलाला लोअर क्रॉस्ड सिंड्रोम ही नावं आपण रोज घेतो, ती त्यांची. कारेल लेविट यांनी सांधे आणि स्नायू हाताने तपासण्याची आणि सैल करण्याची शिस्त घालून दिली. हे सगळं पोटात घेऊन पावेल कोलार्झ यांनी डीएनएस उभं केलं. या परंपरेत आधी तासन्‌तास बघणं आहे आणि मग करून घेणं आहे. दोन दिवसांच्या कार्यशाळेत हा क्रम सहज उलटा होतो.

'पोट घट्ट करा' कुठून आलं, तेही त्यांना सांगा. 1996 मध्ये हॉजेस आणि रिचर्डसन या संशोधकांनी दाखवलं की निरोगी माणूस हात उचलतो त्याच्या आधीच पोटातला सर्वांत खोल आडवा स्नायू, ट्रान्सव्हर्सस अ‍ॅब्डॉमिनिस, कामाला लागलेला असतो. कंबरदुखी असलेल्यांत तो उशिरा जागा होतो. निरीक्षण मोलाचं होतं. पण जगभरच्या क्लिनिक्समध्ये त्याचं रूपांतर 'नाभी आत ओढा' या एका सूचनेत झालं. डीएनएसची मांडणी याहून वेगळी आहे. श्वास घेताना डायफ्राम खाली उतरतो, खालून ओटीपोटाचा तळ त्याला धरतो, पोटाची भिंत पुढे, बाजूला आणि मागे सगळीकडे ताणली जात दाब पेलते, आणि त्या दाबाने कण्याला पुढून आधार मिळतो. पोट आत ओढलं की हा दाब तयार व्हायची जागाच आकसते. तुमचे ज्युनिअर एका पद्धतीची पोझिशन आणि दुसऱ्या पद्धतीची सूचना एकत्र करताहेत, आणि त्यांना ते कळलेलं नाही.

म्हणून आणखी एक दोन दिवसांची कार्यशाळा घेऊ नका. आठवड्यातून एक तास ठरवा आणि तो तीन महिने मोडू देऊ नका. तोच वेळ आठवड्यांत पसरला की शिकलेलं जास्त टिकतं. शिवाय मधल्या दिवसांत खरे पेशंट येतात, खरे प्रश्न पडतात.

पहिले काही आठवडे एकही व्यायाम शिकवू नका, फक्त तपासणी. सुरुवात बसलेल्या माणसापासून करा. पलंगाच्या कडेला बसलेला, हात मांडीवर सैल. शिकणारी व्यक्ती मागे बसते आणि शेवटच्या बरगड्यांच्या खालच्या मऊ भागात, दोन्ही कुशींवर बोटं ठेवते. सूचना एवढीच: 'श्वास सोडा, छाती खाली येऊ द्या, आता छाती न उचलता माझी बोटं बाहेर ढकला.' मग बघायचं. एखाद्याच्या खालच्या बरगड्या बाजूला रुंदावतात आणि बोटांखाली सगळीकडून सारखा भराव येतो. एखाद्याचे खांदे कानांकडे जातात, छातीचं हाड वर सरकतं आणि बोटांखाली काहीच येत नाही. कुणाचं एकाच कुशीत येतं. कुणी ढकलायच्या नादात पाठीचा बाक काढतो. हे चारही प्रकार तुमच्या सात जणांच्या आपापसांतच सापडतील, पेशंटची वाट बघावी लागणार नाही.

मग उताणं. पिंढऱ्या स्टुलावर, खुबे आणि गुडघे साधारण काटकोनात. कमरेच्या पुढच्या टोकदार हाडाच्या थोडं आत, जांघेच्या वर बोटं ठेवायची. श्वास तिथवर पोचतो का, आणि श्वास सोडतानाही तिथला भराव थोडा टिकतो का, ते चाचपायचं. इथे घाई केली की लोक खोकल्यासारखा झटका देतात. तो नको, हळूहळू भरत गेलेलं हवं. हे जमलं की एक पाय स्टुलावरून जेमतेम उचलायला सांगा, आणि सगळ्यांनी बघायचं: पहिल्यांदा कुठे सुटलं? बरगड्यांची खालची कड वर आली? नाभी डोक्याकडे सरकली? पोटाच्या वरच्या भागात खळगा पडला? कमरेखाली पोकळी झाली? हनुवटी वर गेली? जे सगळ्यांत आधी सुटलं ते लिहून घ्यायचं. ते सुटण्याच्या जरा अलीकडचा भार हा त्या माणसाचा आजचा डोस. बऱ्याच कंबरदुखीच्या पेशंट्सना सुरुवातीला पाय हवेत धरायची गरजच नसते, स्टुलावर ठेवून श्वास नीट पोचला तरी त्या दिवशी पुष्कळ झालं. तुमच्या त्या पेशंटना बहुधा एवढंच हवं होतं.

जांघेजवळ हात ठेवायचा आहे, म्हणून पहिल्याच तासाला संमतीचा पाठ घ्या. कुठे, कशासाठी आणि किती वेळ हात ठेवणार हे आधी सांगायचं, 'चालेल का' विचारायचं, आणि नको म्हटलं तर पेशंटचाच हात तिथे ठेवून घ्यायचा. खरं तर स्वतःच्या हाताने शिकलेलं पेशंट घरी करू शकतो, त्यामुळे हो म्हटलं तरी शेवटी त्यांचा हात तिथे गेलाच पाहिजे.

सराव तिघा-तिघांत करून घ्या. सात जणांत तुम्ही आणि तुमचे ते ज्येष्ठ सहकारी मिळून तीन गट होतात. एक पेशंट, एक तपासणारा, तिसरा फक्त बघणारा. बघणाऱ्याने एक शब्द बोलायचा नाही, पहिल्यांदा कुठे सुटलं ते कागदावर लिहायचं. तपासणाऱ्यानेही लिहायचं. मग दोन्ही कागद शेजारी ठेवायचे. सुरुवातीला ते जुळणार नाहीत. हाताने करायच्या बऱ्याच चाचण्यांत दोन तपासणाऱ्यांचं एकमत कमी होतं, हे संशोधनात वारंवार दिसलं आहे, तेव्हा तुमच्या केंद्रात वेगळं काही घडणार नाही. पण 'तुला छाती आधी दिसली, मला कंबर आधी दिसली' यावर दहा मिनिटं जो वाद होतो, त्यातून नजर तयार होते. तो वाद तुम्ही लगेच निकाली काढू नका. पुन्हा करून बघायला सांगा.

चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून व्यायाम आणा, पण ओळीने शिकवू नका. एकच पोझिशन सलग वीस वेळा केली की त्या दिवशी ती सगळ्यांना छान जमते, आणि कार्यशाळेत नेमका हाच भास होतो. 1979 मध्ये शे आणि मॉर्गन यांनी हाताच्या हालचालींवर केलेल्या प्रयोगात दिसलं की मिसळून सराव करणारे सरावाच्या वेळी मागे पडतात, पण नंतर घेतलेल्या चाचणीत तेच पुढे असतात. तेव्हा कुशीवरची, पालथी, रांगण्याची, उकिडवी अशी सरमिसळ करा, आणि प्रत्येक वेळी शरीर नवं द्या. लठ्ठ, बारीक, ताठ, लवचीक. सहकारी संपले की संमती घेऊन खरे पेशंट.

सूचना कशी द्यायची हाही वेगळा विषय म्हणून घ्या. 'आडवा पोटस्नायू आकुंचित करा' म्हटल्यावर माणूस विचारात पडतो आणि हालचाल तुटक होते. लक्ष शरीराबाहेरच्या गोष्टीवर ठेवलं की हालचाल सहसा जास्त सहज होते, यावर गाब्रिएले वुल्फ यांनी पुष्कळ काम केलं आहे. 'माझी बोटं ढकला', 'कोपराने गादी दाबा आणि जमिनीपासून लांब व्हा', 'त्या भिंतीकडे हात लांबवा' अशा सूचना प्रत्येकाने स्वतः तयार करून आणायच्या. एका पोझिशनसाठी तीन वेगळ्या सूचना आल्या पाहिजेत, कारण पहिली बऱ्याचदा लागू पडत नाही. आणि साठीच्या माणसाला 'बाळासारखं झोपा' म्हणू नका. आपल्याला त्यात विज्ञान दिसतं, त्यांना त्यात कमीपणा वाटू शकतो.

कोणाला कोणती पोझिशन, हा तुमच्या ज्युनिअर्सचा खरा अडलेला प्रश्न आहे. त्यांना वाटतं की वाढीचा क्रम म्हणजे जिना, आणि प्रत्येक पेशंटने पहिल्या पायरीपासून चढायचं. तसं नाही. बाळंसुद्धा तो जिना ठरल्याप्रमाणे चढत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाच देशांतल्या मुलांच्या अभ्यासात 4.3 टक्के मुलं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, आणि स्वतंत्र चालण्याचं वय साधारण 8 महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेलं होतं. 'तुम्ही लहानपणी रांगला नाहीत म्हणून कंबर दुखते' असं कोणी पेशंटला सांगताना ऐकलंत तर तिथेच थांबवा.

पोझिशन निवडायची ती माणसाच्या कामावरून. उताण्यावरून कुशीवर वळून सातव्या महिन्याच्या सुमाराला बाळ एका खुब्यावर आणि एका हातावर तिरकं बसतं. इथे आधार एकाच बाजूच्या हातापायावर असतो आणि दुसरी बाजू पुढे जायला मोकळी होते. पालथ्यावरून पुढे निघालेली वाट रांगण्याकडे जाते. तिथे आधार तिरपा असतो, एका बाजूचा हात आणि दुसऱ्या बाजूचा पाय. ज्याचा खांदा वरच्या फळीवरून वस्तू काढताना दुखतो, त्याच्या दुखऱ्या हाताला आधी टेकू देणारा हात करून बघा. तिरक्या बैठकीत तळवा जमिनीवर, दुसरा हात लांबवायचा. टेकलेल्या हाताचा खांदा कानाकडे चढतो का, खवाटा मागे सुटा पडतो का, हे बघायचं. जमिनीवरून उठताना ज्याची कंबर धरते, त्याला उताणं झोपवून महिनाभर श्वास शिकवण्यात अर्थ नाही. दोन-तीन भेटींत श्वास सापडला की त्याला एका गुडघ्यावरून उठण्याकडे न्या, आणि तिथे पहिल्यांदा कुठे सुटतं ते बघा. श्वास रोखायची सवय असलेल्यांवर, विशेषतः रक्तदाब जास्त असलेल्यांवर, डोळा ठेवा. हर्निया, पोटाची ताजी शस्त्रक्रिया, गरोदरपण, ठिसूळ हाडं, यांत दाब वाढवायचे व्यायाम संबंधित डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नकोत. आणि तान्ह्या बाळांवर व्होयटा पद्धतीचे दाब देणं हे पूर्ण वेगळं प्रशिक्षण आहे. तुमच्या तासांत शिकून कोणी त्याला हात लावता कामा नये.

तुमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते ज्युनिअर्ससमोर मान्य करा. दीर्घकालीन कंबरदुखीसाठी मोटर कंट्रोल व्यायामांवरचा, म्हणजे स्नायूंवरचा ताबा सुधारणाऱ्या व्यायामांवरचा, 2016 चा कॉक्रेन आढावा (अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष) सांगतो की हे व्यायाम काहीच न करण्यापेक्षा बरे, पण इतर व्यायामांपेक्षा ठळक सरस नाहीत. डीएनएस त्याच कुळातलं आहे, तेव्हा चमत्काराची भाषा नको. 2012 मध्ये कोलार्झ आणि सहकाऱ्यांनी एमआरआयमध्ये पाहिलं की हातापायाने जोर लावताना दीर्घकालीन कंबरदुखी असलेल्यांचा डायफ्राम कमी हलतो आणि वरच्या पातळीला राहतो. अभ्यास महत्त्वाचा आहे, पण त्यावरून दुखणं डायफ्राममुळे झालं की डायफ्राम दुखण्यामुळे असा वागला, हे ठरत नाही.

तरीही नाद सोडू नका असं मी म्हणते, आणि कारण व्यायामांत नाही. ही पद्धत नीट शिकलेला फिजिओ पेशंटकडे जास्त वेळ बघतो. डोस लहान ठेवतो, हालचालीला घाबरलेल्या माणसाला जमिनीचा आधार देऊन सुरुवात करून देतो आणि कधी पुढे सरकायचं ते त्याला दिसतं. तुमच्या सहकाऱ्यांचा 'साधा व्यायाम'सुद्धा अशा नजरेच्या हातात जास्त नीट दिला जाईल. त्यांना विरोधक समजू नका, तासाला बोलवा. एखाद्या पेशंटला पोझिशनऐवजी चालणं आणि वजन उचलणंच का पुरेसं आहे, हे त्यांनी मांडावं. ज्युनिअर्सना दोन अनुभवी माणसं एकमेकांशी आदराने असहमत होताना दिसली, तर ते तुमच्या नोट्सपेक्षा जास्त शिकतील.

अधिकृत कोर्सचं म्हणाल तर सातही जणांना एकदम पाठवू नका. डीएनएस शिकवणाऱ्या प्राग स्कूलचे कोर्स ए, बी, सी, डी असे टप्प्याने आहेत, आणि दोन टप्प्यांच्या मधल्या काळात रोज पेशंट बघितले नाहीत तर पुढचा टप्पा कानावरून जातो. तीन महिन्यांनंतर ज्यांचे कागद बघणाऱ्याच्या कागदाशी बऱ्यापैकी जुळायला लागलेत, त्यांतल्या एक-दोघांना पहिल्या टप्प्याला पाठवा. तुमच्या तासांसाठी प्रमाणपत्र छापू नका. ते द्यायचा अधिकार आपल्याकडे नाही, आणि भिंतीवर लावलेलं बघून पेशंटची दिशाभूल होते. तुम्ही स्वतः मात्र सी टप्प्याची तयारी सुरू करा, आणि जाताना ज्यांच्या बाबतीत तुम्ही अडलात अशा दोन-तीन पेशंटची टिपणं सोबत न्या.